मच्छरदाणीबाहेर

लुहंगो
९ मार्च

स्कोलाताई,

कासिमूची बस सकाळी लवकर निघते, म्हणून घाईनं लिहितेय. तू पाठवलेली चड्डी तुझ्या एरास्टोला कमरेत सैल होते, पण तो ती अंगावरून काढायलाच तयार नाही. दोरी ओवून दिलीय. आईचे गुडघे पावसानं धरलेत, तरी रोज काठी टेकत भाताच्या शेतापर्यंत जाऊन येते. रोपं छान उभी आहेत.

मी काम तरी काय करते, असं तू विचारलंस. वसतिगृहातल्या बायकांना सांग, माझी बहीण चांगला भात नासवते. इथं सगळे तेच म्हणतात. डॉक्टर म्वाइपोपोबाईंनी गावाच्या टोकाला शेड बांधलीय, तिथं आम्ही दोघी-तिघी भात अर्धकच्चा शिजवतो, पिशव्यांत भरतो, वाफवतो आणि त्यात बुरशीचं विरजण घालतो. आधी पांढरी येते, मग हिरवी होते. ती वाळवायची, चाळायची, तेलात कालवायची आणि काळी सुती कापडं त्यात बुडवून घराघरात आढ्याला टांगायची. डास रक्त पिऊन जड झाला की काळोखी जागा बघून टेकतो. कापडावर टेकला की बुरशी पायाला चिकटते आणि आत शिरते. मग त्याचं खाणंपिणं सुटतं आणि काही दिवसांनी तो मरतो. मेलेला डास ओल्या कागदावर ठेवला की त्याच्या सांध्यासांध्यांतून कापूस फुटल्यासारखी बुरशी बाहेर येते. मला ते बघायला आवडतं. आई म्हणते, हिला कशाकशाचं कौतुक वाटेल सांगता येत नाही.

लोकांना पटवणं तेवढं अवघड आहे. डास चावायचा थांबत नाही ना. डास म्हातारा झाला तरच हिवताप पसरवू शकतो, आपण त्याला म्हातारा होऊ देत नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आंब्याखालच्या बैठकीत पोंसियानो कोळी म्हणाला, "एवढा भरवसा आहे कापडावर, तर तू झोपशील का मच्छरदाणी काढून?" सगळे हसले. मी म्हटलं, झोपते. त्याच दिवशी माझी मच्छरदाणी सोडून शेजारच्या रेसितुताला देऊन टाकली. आता बैठकीत कोणी हसत नाही. जवळजवळ सगळ्या घरांत कापडं लागलीत.

तू लगेच घाबरशील म्हणून सांगते, एरास्टो आईबरोबर तिच्या मच्छरदाणीत झोपतो. कडा मी स्वतः खोचते. आज सकाळी त्यानं माझ्या बरगडीत टाच मारून मला उठवलं आणि विचारलं, दार-एस-सलामच्या नदीत मगरी आहेत का. मी म्हटलं, तिथं समुद्र आहे. मग त्यानं ठरवलं की तू समुद्रातल्या मगरींसाठी स्वयंपाक करतेस. त्याची ही समजूत तू आलीस की सावकाश बदल.

तुझी युस्टा


२ एप्रिल

ताई,

दोनच ओळी. एरास्टोला थोडा ताप येऊन गेला. आता उतरलाय, झोपलाय. औषध चालू आहे. तू रजा मागू नकोस, मालकीणबाई आधीच कुरकुरतात असं तू लिहिलं होतंस. शिवाय नदीला पूर आहे, तराफा बंद आहे, तू इफाकारापर्यंत आलीस तरी पुढं येता यायचं नाही.

शेजारच्या खाटेवरची बाई फार चांगली आहे. तिनंच हा कागद दिला.

आई घरी आहे. ती बरी आहे.

युस्टा


लुहंगो
२५ एप्रिल

ताई,

कासिमूनं तुझा निरोप दिला. तोंडीच दिला आणि देताना बसचं चाक न्याहाळत राहिला. युस्टाला सांग, पत्र पाठवू नकोस, असं तू म्हणालीस. त्याच्याकडून तुला जे कळलं ते माझ्याकडून कळायला हवं होतं. तरी लिहितेय. वाचायचं नसलं तर वाचू नकोस.

झालं ते असं. ताप दुपारी चढला. मी शेडवर होते. आईनं पोराला ओल्या फडक्यानं पुसलं, तिला वाटलं उतरेल. मी आले तेव्हा तो आईला ओळखत नव्हता. मग त्याचं अंग ताठ झालं, डोळे वर गेले, झटके यायला लागले. तराफा बंद. मी त्याला उचलून नदीकडे धावले. पोंसियानो जाळी दुरुस्त करत बसला होता. त्यानं काही विचारलं नाही. होडी ढकलली. त्या पुरात कोणी होडी घालत नाही ताई, झाडंच्या झाडं वाहत येत होती. मी पोराचं डोकं मांडीवर धरून बसले होते आणि तो उभ्यानं बांबू मारत होता. प्रवाहाच्या मध्यावर त्यानं एकदाच विचारलं, "मच्छरदाणीत होता ना हा?"

मी म्हटलं, "हो."

पलीकडे ट्रक मिळाला. इस्पितळात म्हणाले, हिवताप डोक्यात चढलाय. सुया लावल्या. तुला लिहिलं ते तिथूनच. ताप खरंच उतरला होता तेव्हा, पण तो जागा झाला नव्हता. मी 'झोपलाय' लिहिलं.

जागा झाला तेव्हा मी त्याला हाक मारली. तो छताकडे बघत होता. पुन्हा मारली. नर्सनं त्याच्या कानामागे ट्रे आपटला. मग तिनं माझ्याकडे बघितलं. डावा पायही जरा ओढतो, पण तो सुधारेल म्हणतात. कानांचं कोणी काही सांगत नाही. आजारानं गेले की औषधानं, तेही कळत नाही म्हणतात.

इथं गावात वेगळंच चाललंय. पोर मच्छरदाणीत होतं, घरात कापडही होतं, तरी असा ताप आला, मग दुसरं काय असणार? युस्टाच्या भातातली बुरशी पोराच्या कानात उगवली. पोंसियानोची बायको कानात घालायला कढत तेल घेऊन आली होती, मी घालू दिलं नाही. लोक बॅटरी घेऊन येतात आणि त्याच्या कानात बघतात. तो बिचारा हसतो, त्याला खेळ वाटतो. ती बुरशी माणसाच्या अंगाच्या उबेत जगत नाही, असं डॉक्टरबाईंनी येऊन बैठकीत सांगितलं. कोणी ऐकलं नाही. पोंसियानोनं आपल्या घरातलं कापड काढून अंगणात जाळलं. त्याचा काळा वास गावभर पसरला. मग घराघरातली कापडं उतरली.

डॉक्टरबाईंनी मला शेडमागे नेऊन विचारलं, "युस्टा, तो मच्छरदाणीत होता?" मी त्यांनाही हो म्हटलं.

तुझा राग योग्य आहे. पण आम्ही त्याची काळजी घेतली होती, एवढं मनात असू दे.

युस्टा


लुहंगो
१६ मे

ताई,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खरी नाही.

एरास्टो मच्छरदाणीत नव्हता. म्हणजे झोपताना असायचा. कडा मी खोचायचे, तेही खरं. पण आई एकदा झोपली की दगड होते, तुला माहीत आहे. तो कड उचलून सरपटत बाहेर यायचा आणि माझ्या चटईवर येऊन माझ्या पाठीला चिकटायचा. पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला उचलून परत आत ठेवला. दुसऱ्यांदाही ठेवला. नंतर नाही ठेवला.

का नाही, ते तुला सांगायचंय, म्हणून हे पत्र. विसरले नव्हते. झोपेतही नव्हते. मला जाग यायची. गार पाय माझ्या पोटऱ्यांत खुपसून तो पडायचा, त्याचा श्वास मानेवर लागायचा, आणि मी अंग न हलवता पडून राहायचे, तो उठू नये म्हणून. माझ्या कुशीत कधी कोणी झोपलं नाही ताई. तू म्हणायचीस, युस्टाचं लग्न होईल, पोरं होतील. झालं नाही. तो माझ्याकडे आपणहून यायचा. कापड डोक्यावरच टांगलेलं होतं. मी मनाला म्हणायचे, कापड आहे ना.

आणि मला माहीत होतं. सगळ्या गावाला मीच सांगत फिरत होते की कापड चावा थांबवत नाही, मच्छरदाणी सोडू नका, सगळ्या गावानं लावलं तर हळूहळू ताप कमी होतो, एका घराला एका कापडानं काही होत नाही. हे पाठ होतं मला. पण बैठकीत लोक हसले आणि मी माझी मच्छरदाणी सोडून दिली. ती टांगलेली असती तर तो माझ्याकडे आला तरी आत आला असता.

आईला माहीत होतं. सकाळी तो तिला माझ्या चटईवरच सापडायचा. कापडं जळत होती त्या दिवशी ती दारात बसून बघत होती. मला म्हणाली, "मी बोलणार नाही. माझीही झोप त्यात आहे. पण तुझं तू बोल." त्यानंतर ती माझ्याशी जेवण वाढण्यापुरतीच बोलते.

गावात अजून सांगितलेलं नाही. आधी तुला कळावं असं वाटलं. खरं सांगायचं तर तेही सगळं खरं नाही. मला भीती वाटते. शेड बंद पडलीय, पिशव्यांतला भात हिरवा होऊन तसाच पडलाय, आणि मी घरात बसून पोराला चमच्यानं भरवते. लोक मला बिचारी म्हणतात. बुरशीनं बिचारीचा भाचा खाल्ला, असं. मी ते ऐकून घेते. ऐकून घ्यायला सोपं जातं.

रेसितुताच्या मुलीला कालपासून ताप आहे. त्यांच्याकडेही कापड उतरवलेलं.

युस्टा


लुहंगो
८ जून

ताई,

सांगितलं.

रेसितुताची मुलगी वाचली, हे आधी लिहिते. तिला कान, पाय, सगळं शाबूत आहे. पण ती तापात असताना मी त्यांच्या दारात गेले तर रेसितुतानं दार लावलं नाही, मला आत बोलावलं आणि माझ्याजवळ रडली, की तुझ्या एरास्टोसारखं होईल का. तिच्या घरात माझी मच्छरदाणी टांगलेली होती. तिथं मला बसवेना.

भात कापून झाला त्या रविवारी, चर्चमधल्या मिसेनंतर, गावच्या अध्यक्षांना म्हटलं मला बोलायचंय. त्यांना वाटलं कापडांबद्दल. म्हणाले, आता पुरे युस्टा, लोक थकलेत. मी तरी उभी राहिले. एरास्टोला आईजवळ बसवलं होतं. तो लोकांच्या तोंडांकडे बघत होता, हल्ली तसंच बघतो.

मी म्हटलं, एरास्टो मच्छरदाणीत नव्हता. माझ्याजवळ उघड्यावर झोपत होता, कितीतरी रात्री, आणि मला माहीत होतं. बुरशीनं काही केलेलं नाही.

पोंसियानो उठला. तो आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं. तो अगदी हळू बोलला.

"नदीत मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तू काय म्हणालीस?"

"मच्छरदाणीत होता म्हणाले."

"मी माझ्या घरचं कापड तुझ्या त्या एका शब्दावर जाळलं. माझ्यामागून सगळ्यांनी काढलं. मी तुला पुरातून नेलं, आणि तू माझ्याच होडीत बसून मला खोटं सांगितलंस."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. तो निघून गेला.

रेसितुता तिथंच बसून होती. ती उठली, माझ्याजवळ आली आणि विचारलं, मधल्या दिवसांत कापड घरात असतं तर माझ्या मुलीला ताप आला असता का? मी म्हटलं, सांगता येत नाही, कदाचित आला असता. ती म्हणाली, "कदाचित आला नसता." त्याच दुपारी तिनं माझी मच्छरदाणी घडी करून आमच्या दाराशी ठेवली. मी ती परत नेऊन दिली, तिनं घेतली नाही. मग आईनं नेली. आईकडून घेतली.

डॉक्टरबाई दुसऱ्या दिवशी आल्या. त्या चिडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, पोराला कुशीत घेतलंस ते मी समजू शकते, माझी मुलगीही तशीच येते. पण मी विचारलं तेव्हा तू माझ्या डोळ्यांत बघून हो म्हणालीस. आता तू घराघरात जाऊन काही सांगायचं नाही, तुझ्या शब्दावर कोणी झोपायचं नाही. शेडमध्ये भात शिजवायचं काम हवं तर कर. मी हवंय म्हटलं. घरोघर आता दुसरी मुलगी जाते.

काही घरांत कापडं पुन्हा चढली आहेत. काहींत नाही. पोंसियानो एके दिवशी शेडवर आला. मी चुलीपाशी होते. माझ्याकडे न बघता त्यानं त्या मुलीकडून कापड मागून घेतलं. बायकोला दोन नातवंडं सांभाळायची असतात, असं तिला सांगत होता.

तो गेल्यावर मी बराच वेळ झाकण न उघडता बसले. भात लागला खालून. टाकून द्यावा लागला.

तू कधी येतेस? विचारायला मला तोंड नाही, तरी विचारते. एरास्टो चालतो आता. पडत नाही.

युस्टा


लुहंगो
२७ जून

ताई,

तू आलीस आणि गेलीस. तीन वर्षांनी आलीस आणि आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायली नाहीस. मी तक्रार करत नाही. मी त्याचे कपडे धुऊन, वाळवून ठेवले होते, तेवढं तू माझ्या हातून घेतलंस.

तू बसच्या पायरीवर चढताना म्हणालीस, "तू मला पत्रं लिहीत होतीस युस्टा, आणि खरं मला कासिमूनं सांगितलं." बस हलल्यावर पोरानं खिडकीच्या काचेवर दोन्ही हात ठेवले. त्याला वाटलं मीही मागून चढलेय. तो तुझ्या पलीकडे मान करून मला आत शोधत होता. मी बाहेर होते, ते त्याला फार उशिरा दिसलं.

आई त्या दिवसापासून माझ्याशी पुन्हा बोलायला लागलीय. काय बोलते विचारशील तर फक्त त्याच्याबद्दल. तो नसल्यावर.

उत्तराची वाट बघत नाही.

युस्टा


लुहंगो
१९ जुलै

ताई,

कासिमूनं निरोप दिला. या वेळी माझ्याकडे बघून दिला. एरास्टो जेवत नाही, युस्टाला विचार तो काय खायचा, असं तू म्हणालीस. बस सुटायच्या आत हे त्याच्या हातात द्यायचंय, तेव्हा जे आठवेल तसं लिहिते.

आजारापासून त्याला गरम काही तोंडात घेववत नाही. तू वाफाळतं वाढत असशील. निवू दे. मासा काटे काढून भाताखाली ठेव, वर दिसला तर तो आधी मासाच उचलतो आणि भात टाकतो. समोर बसून तूही त्याच ताटातला घास घे. एकटा तो जेवत नाही. रताळं मात्र कधीही खातो, उकडून हातात दे आणि लक्ष देऊ नकोस.

तो रडताना आवाज मोठा करतो, त्याला ते कळत नाही, त्याला गप्प कर म्हणू नकोस. वसतिगृहातल्या बायका बोलल्या तर बोलू देत. आंघोळीच्या वेळी डोळ्यांवर पाणी आलं की घाबरतो, कारण मग त्याला काहीच उरत नाही. चेहरा शेवटी धू, आणि धुताना दुसरा हात त्याच्या खांद्यावर ठेव.

रात्री तो उठून तुझ्याकडे येईल. तो येणारच. मच्छरदाणी दोघांना पुरेल एवढी मोठी घे आणि त्याला तुझ्याजवळच झोपव, म्हणजे त्याला बाहेर यावं लागणार नाही. हे सांगायचा मला हक्क नाही, पण न सांगता राहवत नाही. आणि एकदा पाय खुपसून पडला की तो सकाळपर्यंत हलत नाही, तुला झोप लागेल.

तो हाकेला वळत नाही, असंही तुझ्या निरोपात होतं. त्याला मागून हाक मारू नकोस, दचकतो. आम्ही इथं जमिनीवर तळहात थापटायचो. मातीची जमीन आहे, त्याला पायाला कळायचं आणि तो वळून बघायचा, आई तर चुलीपाशी बसूनच त्याला बोलवायची. तुझ्या खोलीत सिमेंट आहे म्हणतात. सिमेंटवर त्याला काही कळणार नाही. तिथं तुला दर वेळी उठून त्याच्याजवळ जावं लागेल.

युस्टा